छोट्या विज्ञानकथा-खेळांत आपली वाट निवडताना: नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक

‘सिटिझन स्लीपर’ या खेळात दिवस उजाडला की आधी फासे पडतात. प्रकृती ठणठणीत असेल तर पाच, खालावली असेल तर चार किंवा तीन, आणि अगदीच गळून गेला असाल तर एकच. त्या फाशांवर जे आकडे आले असतील, तेवढ्याच भांडवलावर तो दिवस काढायचा असतो. सहाचा फासा भंगारातली जहाजे मोडण्याच्या कामाला लावला, तर मजुरी हमखास हातात पडते. पण मग ज्या माणसाला आज मदत करण्याचा शब्द दिला होता, त्याच्यासाठी दोनचा फासा उरतो, आणि दोनच्या फाशाने काम बिघडण्याची शक्यता निम्मी असते. शब्द पाळायचा की पोट भरायचे, हा प्रश्न तिथे कोणीही तोंडाने विचारत नाही. फासे समोर असतात, आणि ते कुठे लावायचे हे तुम्हालाच ठरवायचे असते.

अशा, खेळाडूच्या निवडीवर चालणाऱ्या छोट्या विज्ञानकथा-खेळांची गोडी ज्यांना लावून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ‘छोटे’ या शब्दाने येथे मूठभर माणसांनी, कधी तर एकट्यादुकट्याने बनवलेले, पाच-सात तासांपासून वीस-पंचवीस तासांपर्यंत संपणारे आणि बहुतांशी मजकुरावर भिस्त ठेवणारे खेळ अभिप्रेत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना चपळ बोटे लागत नाहीत, महागडा संगणक लागत नाही. वाचण्याची सवय मात्र लागते. त्यामुळे दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा आवडीने वाचत मोठे झालेल्या आणि व्हिडिओ गेम म्हटले की ‘ते आपल्यासाठी नाही’ असे मानणाऱ्या वाचकाने या दालनात अवश्य डोकवावे, असे मला मनापासून वाटते. मात्र एक तयारी सुरुवातीलाच करावी लागते. एक वाट धरली की दुसरी सुटते, आणि सुटलेल्या वाटेवर काय होते ते कदाचित कधीच कळणार नाही, हे मान्य करण्याची तयारी. पुढच्या साऱ्या सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

निवडीचे गणित आधी समजून घ्या

समजा, एखाद्या कथेत दर वळणावर दोन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायातून पूर्णपणे वेगळी कथा सुरू होते. दहा वळणांनंतर लेखकाला १,०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील, आणि त्यांतले १,०२३ तुम्हाला त्या खेपेस दिसणारच नाहीत. हे कोणालाही परवडत नाही. म्हणून या खेळांतल्या वाटा फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात, जसे नदीचे दोन फाटे बेटाला वळसा घालून पुढे मिळावेत. मधल्या काळात काय घडले याची नोंद मात्र खेळ ठेवतो. तुम्ही कोणाला खोटे सांगितले, कोणाला उधार दिले, कोणाकडे पाठ फिरवली, हे सारे टिपले जाते आणि तीन तासांनंतर कोणाच्या तरी बोलण्यातून परत येते.

हे आधी ठाऊक असले म्हणजे नवख्या खेळाडूची सर्वांत मोठी निराशा टळते. ‘मी काहीही निवडले तरी शेवटी जहाज त्याच ग्रहावर उतरते, मग माझ्या निवडीला अर्थ काय?’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. जहाज त्याच ग्रहावर उतरेल हे खरे. पण उतरताना शेजारी कोण उभे असेल, तुम्हाला कोणती गोष्ट ठाऊक असेल आणि कोणती नसेल, हे बदललेले असते. तिकडे लक्ष द्यावे.

मोठ्या खर्चाच्या खेळांपेक्षा छोट्या खेळांत ही मुभा अधिक का असते, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मोठ्या खेळात प्रत्येक वाक्य अभिनेत्याकडून बोलून घ्यावे लागते, पात्रांच्या चेहऱ्यांची हालचाल घडवावी लागते, आणि त्यामुळे फारच थोडे खेळाडू ज्या वाटेने जाणार आहेत त्या वाटेवर पैसा ओतणे निर्मात्याच्या जिवावर येते. जिथे सगळा व्यवहार लिखित मजकुराचा आहे, तिथे एक जादा वाट म्हणजे लेखकाचे चार दिवसांचे काम. म्हणूनच आडवाटेचा, विक्षिप्त, दुःखद असा पर्याय ठेवण्याचे धाडस छोटे खेळच अधिक करतात.

पहिला खेळ कोणता घ्यावा

हाती फक्त मोबाइल असेल, तर ‘लाइफलाइन’पासून सुरुवात करावी. २०१५ साली आलेल्या या खेळात चित्रे जवळजवळ नाहीतच. टेलर नावाची एक विद्यार्थिदशेतली व्यक्ती, जिचे जहाज परक्या चंद्रावर कोसळले आहे, ती तुम्हाला संदेश पाठवते आणि तुम्ही दोन उत्तरांपैकी एक निवडून तिला सल्ला देता. त्यातली खुबी अशी, की वेळ खरी चालते. ‘त्या शिखरापर्यंत चालत जाणार आहे’ असे सांगितल्यावर तासभर फोन गप्प राहतो, आणि तुम्ही स्वयंपाकघरात किंवा लोकलमध्ये असताना अचानक पुढचा संदेश येतो. एके रात्री प्रश्न उभा राहतो: बाहेर कडाक्याची थंडी आहे, जहाजाच्या इंजिनाशेजारी ऊब आहे, पण तिथे किरणोत्सार १५० रॅड एवढा आहे. तिथे झोपणे चालेल का? या प्रश्नावर अनेक खेळाडूंनी खेळ बाजूला ठेवून रॅड म्हणजे काय ते इंटरनेटवर शोधले. मीही शोधले होते. उत्तर येथे देत नाही. पण ज्या खेळात तुम्ही कल्पित माणसाच्या काळजीने खरी माहिती शोधायला उठता, त्या खेळाने तुम्हाला या प्रकाराचे मर्म पहिल्याच रात्री शिकवलेले असते.

याच खेळाबाबत मराठी वाचकाला जाणवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. टेलर मुलगा आहे की मुलगी, हे त्यात कुठेही सांगितलेले नाही, आणि इंग्रजीत ते सहज दडवता येते. मराठीत ‘मी दमलो’ की ‘मी दमले’ हे पहिल्याच संदेशात ठरवावे लागले असते. वर मी ‘व्यक्ती’ या शब्दाचा आडोसा घेतला, तो त्यासाठीच.

संगणक असेल, तर माझ्या मते पहिला खेळ ‘सिटिझन स्लीपर’ हाच असावा, आणि त्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे. राजकारण, पाळत आणि वर्तमानपत्री कारस्थानांत रस असणाऱ्याने जर्मनीतल्या ऑस्मॉटिक स्टुडिओजचा ‘ऑरवेल’ घ्यावा. डावपेच आवडत असतील, बुद्धिबळाच्या पटावर तासन्‌तास बसण्याची सवय असेल, तर ‘एफटीएल’ आहे; परंतु ज्यांना हरणे सोसवत नाही त्यांनी त्याने सुरुवात करू नये, कारण त्यात पहिल्या दहा-पंधरा खेपा बहुधा हरण्यातच जातात.

विकत घेताना

खेळाच्या पानावर तो तुमच्या यंत्रावर चालण्यासाठी किमान काय लागते हे दिलेले असते, ते न चुकता वाचावे. वर सांगितलेले खेळ साध्या, चार-पाच वर्षे जुन्या लॅपटॉपवरही सहसा अडत नाहीत. ‘स्टीम’ या इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानात भारतातल्या ग्राहकाला किमती रुपयांत दिसतात, आणि खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, खेळ परत करून पैसे मागता येतात. या सवलतीचा उपयोग संकोच न करता करावा. भाषा जड जाते आहे की नाही हे कळायला दोन तास पुरेसे असतात. उन्हाळी आणि हिवाळी सवलतींच्या काळात छोट्या खेळांच्या किमती बऱ्याच उतरतात, तेव्हा आवडलेले खेळ ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवावेत. एका वेळी मात्र एकच घ्यावा. सवलतीत दहा खेळ घेऊन एकही पुरा न करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

पहिली संध्याकाळ: ‘सिटिझन स्लीपर’

हा खेळ ५ मे २०२२ रोजी आला. गॅरेथ डेमियन मार्टिन यांनी तो ‘जंप ओव्हर दि एज’ या नावाखाली जवळजवळ एकहाती रचला आहे. पात्रांची चित्रे गियोम सँजलँ या फ्रेंच चित्रकाराची आहेत आणि संगीत एमॉस रॉडी यांचे. कथा घडते ती ‘अर्लिन्स आय’ या अवकाशस्थानकावर. ज्या बड्या कंपनीने हे चक्राकार स्थानक चालवले ती केव्हाच कोसळली आहे, आणि मागे राहिलेले कामगार, टोळ्या, स्वयंपाकी, शेतकरी आपापल्या परीने तिथे संसार चालवत आहेत.

तुम्ही त्यातले ‘स्लीपर’. कोणा माणसाने कर्ज फेडण्यासाठी आपल्या मनाची नक्कल दुसऱ्याच एका कंपनीकडे गहाण टाकली. मूळ शरीर शीतनिद्रेत पडून आहे, आणि ती नक्कल, म्हणजे तुम्ही, यंत्रदेहात राबता आहात. तुम्ही पळून आला आहात. यंत्रदेहाला कंपनीचे औषध मिळाले नाही तर तो झिजत जाईल, अशी व्यवस्था कंपनीने मुद्दाम करून ठेवली आहे. वेठबिगारीचे हे रूप समजायला मराठी वाचकाला टीपेची गरज पडू नये.

सुरुवातीला तीन प्रकारच्या स्लीपरांतून एक निवडायचा असतो: यंत्रे जाणणारा, संगणकी जाळ्यात शिरणारा आणि अंगमेहनतीला सरावलेला. प्रत्येकाचे एक बलस्थान आणि एक उणीव असते. यात चुकीचे असे काही नाही, तेव्हा घुटमळत बसू नये. जो स्वभावाला जवळचा वाटेल तो घ्यावा.

यानंतरची पहिली पायरी म्हणजे पडद्यावरची घड्याळे वाचायला शिकणे. हातातले प्रत्येक काम एका गोलाने दाखवलेले असते आणि तो गोल काही भागांत विभागलेला असतो. काही गोल तुम्ही काम केल्यावर भरतात. काही मात्र दर दिवशी आपोआप भरत जातात, तुम्ही काहीही करा वा करू नका. या दुसऱ्या प्रकाराकडे नवखा खेळाडू दुर्लक्ष करतो आणि मग गोत्यात येतो, कारण तुमच्या मागावर असलेला माणूस कधी दारात उभा राहणार, हे अशाच एका घड्याळात मांडलेले असते. रोज सकाळी फासे पाहण्याआधी आपोआप भरणारी घड्याळे पाहावीत, आणि कोणते आधी भरेल ते मनाशी नोंदवून ठेवावे.

दुसरी पायरी म्हणजे फाशांची किंमत ओळखणे. सहाला यश नक्की. पाचाला निम्म्या वेळा यश, निम्म्या वेळा ना नफा ना तोटा. तीन आणि चारला चारांत एकदा यश आणि चारांत एकदा नुकसान. एक आणि दोनला यश नाहीच. म्हणून जिथे बिघडले तर इजा होते, अशी धोक्याची कामे मोठ्या फाशाने करावीत आणि निर्धोक कामांवर मधले फासे वापरावेत. मग एक-दोनचे फासे वायाच जाणार का? इथेच या खेळाची रचना मला फार सुंदर वाटते. थोड्याच दिवसांत तुम्हाला स्थानकाच्या संगणकी जाळ्यात शिरता येऊ लागते, आणि तिथे मोठा आकडा लागत नाही, नेमका जुळणारा आकडा लागतो. दोन मागितले असतील तर सहाचा फासा तिथे निरुपयोगी. सकाळी ज्या फाशाकडे पाहून मन खट्टू झाले होते, तोच संध्याकाळी कुलूप उघडतो.

तिसरी पायरी अशी, की भूक भागवणे हे केवळ आकड्यांचे काम समजू नये. एम्फिस नावाच्या माणसाची खाण्याची टपरी आहे. तिथे चार पैसे टाकले की शक्ती भरून निघते. घाईचा खेळाडू क्लिक करतो आणि पुढे जातो. तसे करू नका. तिथे पुन्हा पुन्हा जा, समोर उमटणारा मजकूर वाचा. रोजच्या जेवणातून एका माणसाची ओळख हळूहळू कशी वाढते, ते पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या खानावळीच्या मालकाशी आपले जसे नाते जुळत जाते, अगदी तसेच ते घडते, आणि मग पैशांची ओढाताण असतानाही तिथेच जावेसे वाटते, तो क्षण या खेळाचा खरा क्षण आहे.

पहिल्या संध्याकाळी दीड-दोन तासांहून अधिक खेळू नये. सुरुवातीचे दिवस हलाखीचे असतात. औषध महाग, पैसा कमी, फासे रोडावलेले. अनेक जण इथेच ‘मी चुकीचे खेळतो आहे’ असे समजून थांबतात. तसे काही नसते. ती तंगी लेखकाने मुद्दाम ठेवलेली आहे, आणि पाच-सहा दिवस तग धरला की हात मोकळा होऊ लागतो. खरे तर उत्तरार्धात पैसा गरजेपेक्षा जास्तच साठतो आणि फाशांची धार बोथट होते, हा या खेळाचा दोष मी मानतो. तोवर माणसांत मन गुंतलेले असते, म्हणून तो खपून जातो. मुख्य कथा साताठ तासांत संपते. त्यानंतर ‘फ्लक्स’, ‘रेफ्यूज’ आणि ‘पर्ज’ हे तीन पुरवणी भाग आहेत आणि ते विनामूल्य मिळतात.

मागे फिरू नका

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पहिल्या खेपेस निवड बदलण्यासाठी जुना सेव्ह, म्हणजे खेळाची आधी साठवलेली स्थिती, उघडू नये, आणि कोणत्या पर्यायाने काय मिळते हे सांगणारी वॉकथ्रूची पाने वाचू नयेत. हा सल्ला सोवळेपणाचा वाटेल, पण त्यामागे अनुभव आहे. उत्तर आधी पाहून केलेली निवड ही निवड राहत नाही. ती खरेदीच्या यादीवर खूण करण्यासारखी होते.

‘ऑरवेल’ हा २०१६ चा खेळ याचा उत्तम वस्तुपाठ आहे. तुम्ही एका काल्पनिक राष्ट्राच्या गुप्त पाळत-यंत्रणेसाठी बाहेरून काम करता. चौकात बाँबस्फोट झाला आहे; संशयितांच्या बातम्या, सामाजिक माध्यमांवरच्या नोंदी, पुढे खासगी संदेशही तुमच्यासमोर येतात, आणि त्यांतले कोणते तुकडे वर पाठवायचे एवढेच तुमच्या हाती असते. वरचा अधिकारी फक्त तुम्ही पाठवलेले तुकडे वाचतो. मूळ संभाषण त्याला दिसत नाही. काही ठिकाणी दोन तुकडे परस्परविरोधी असतात; एक पाठवला की दुसरा कायमचा बाद होतो, आणि पाठवलेले परत घेता येत नाही.

मी पहिल्या भागात थट्टेच्या सुरात लिहिलेले एक वाक्य, ते ठळक दिसले म्हणून, वर पाठवून दिले. संभाषणात ती थट्टा आहे हे कोणालाही कळले असते. वर पोहोचला तो फक्त मजकूर, आणि तिथे तो कबुलीसारखा वाचला गेला. हात तेव्हाच थबकला. मागे फिरण्याची सोय शोधली असती तर तो प्रसंग चुकीच्या बटणाएवढाच राहिला असता. तसाच पुढे खेळत राहिल्याने पुढच्या चारही भागांत मी प्रत्येक तुकडा दोनदा वाचला, आणि कोणाचे तरी वाक्य संदर्भावाचून पुढे धाडताना प्रत्यक्ष जगण्यातही थोडे थांबू लागलो.

म्हणून ‘ऑरवेल’ खेळताना अशी शिस्त ठेवावी: दस्तऐवज उघडल्यावर ठळक केलेल्या ओळींकडे आधी पाहू नये. संपूर्ण मजकूर वाचावा, कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलते आहे ते समजून घ्यावे, आणि मग काय पाठवायचे ते ठरवावे. एका बैठकीत एकच भाग. एकूण पाच आहेत.

हरण्याची सवय

‘एफटीएल’ २०१२ साली मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी काढला. त्यासाठी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे १०,००० डॉलर मागितले होते, मिळाले ते दोन लाखांच्या घरात. आठ विभाग ओलांडून एक महत्त्वाची बातमी पोहोचवायची, मागून बंडखोरांचा ताफा येतो आहे, आणि जहाज एकदा फुटले की सगळे पहिल्यापासून.

येथे सर्वांत आधी स्पेसबारची सवय लावावी. ती दाबली की लढाई थांबते आणि थांबलेल्या अवस्थेत हुकूम देता येतात. दर दोन-तीन सेकंदांनी थांबवून खेळणे हीच येथली रीत आहे, त्यात कमीपणा नाही. दुसरे, मजकुरातले निळ्या अक्षरांतले पर्याय ओळखावेत. योग्य माणूस किंवा योग्य यंत्र जहाजावर असेल तरच ते उमटतात, आणि बहुधा ते हिताचे असतात.

या खेळात महाकाय कोळ्यांनी ग्रासलेल्या स्थानकाचा एक प्रसंग येतो. तिथली माणसे मदतीसाठी याचना करत असतात. माणसे धाडावीत, तर कधी बक्षीस मिळते, कधी एक खलाशी परत येत नाही. माझ्या पहिल्या जहाजावर तीन खलाशी होते आणि त्यांतल्या एकाला मी शाळेतल्या मित्राचे नाव दिले होते. मदतीला माणसे धाडली, आणि खलाशांच्या यादीतून नेमके तेच नाव गेले. पुढची लढाई मी दोन माणसांवर लढलो आणि हरलो, परंतु त्या खेपेची आठवण जिंकलेल्या खेपांहून अधिक ठसठशीत आहे. नवख्या खेळाडूला माझी विनंती आहे, की खलाशांना ओळखीची नावे द्यावीत आणि मग निर्णय घ्यावेत.

भाषेची अडचण

यांपैकी एकही खेळ मराठीत खेळता येत नाही, ही खंत आहे. इंग्रजी वाचनाचा सराव कमी असेल तर घाई न करणे हाच उपाय, आणि सुदैवाने ‘सिटिझन स्लीपर’ व ‘ऑरवेल’ वाचनासाठी हवा तेवढा वेळ देतात. अनोळखी शब्द वहीत उतरवावा, पण प्रत्येक शब्दावर अडू नये. एखाद्या काल्पनिक कंपनीचे किंवा यंत्राचे नाव शब्दकोशात सापडणारच नाही. त्याच वहीत त्या दिवशी कोणती निवड केली आणि का केली, एवढ्या दोन ओळीही लिहून ठेवाव्यात. चार दिवसांनी खेळ पुन्हा उघडताना त्या फार उपयोगी पडतात.

ज्यांना भाषेचे कोडेच आवडते, त्यांच्यासाठी केंब्रिजच्या इंकल या संस्थेचा २०१९ चा ‘हेवन्स व्हॉल्ट’ हा खेळ अपूर्व आहे. त्यात आलिया ही पुरातत्त्वज्ञ आणि सिक्स नावाचा यंत्रमानव तेजोमेघातल्या चंद्रांवर हरवलेल्या लिपीचे लेख शोधत फिरतात. शब्दाचा अर्थ तुम्ही अंदाजाने ठरवता. अंदाज चुकला तरी खेळ लगेच टोकत नाही; चुकीचा अर्थ घेऊन तुम्ही पुढे जाता, त्यावर आणखी अर्थ बांधता, आणि पुढे कधीतरी एखाद्या लेखात तो बसेनासा होतो. चिन्हांना चिन्हे जोडून शब्द बनतात, म्हणजे आपल्या सामासिक शब्दांसारखेच, आणि विग्रह करता आला की अर्थ उलगडतो. घरातले मोडीतले जुने कागद ज्यांनी कधी अक्षर-अक्षर लावून पाहिले असतील, त्यांना ही खुशी ओळखीची वाटेल. इथे निवड म्हणजे अर्थाचीच निवड.

पुन्हा खेळावे का

बहुतेक खेळांबाबत माझे उत्तर ‘लगेच नको’ असे आहे. पहिल्या खेपेची कथा ही तुमची कथा असते. दुसऱ्याच दिवशी उलट निवडी करत बसले की तिची पुसट छायाप्रत होते. सहा महिने जाऊ द्यावेत.

याला एक ठळक अपवाद आहे. ‘आय वॉज अ टीनेज एक्सोकॉलनिस्ट’ हा नॉर्थवे गेम्सचा २०२२ चा खेळ पुन्हा खेळण्यासाठीच रचलेला आहे. परक्या ग्रहावर वसाहत करायला आलेल्या मुलाचे वा मुलीचे दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंतचे आयुष्य तुम्ही जगता, आणि अनुभव पत्ते बनून आठवणीत राहतात. पहिल्या आयुष्यात जवळची माणसे दगावतात आणि तुम्हाला ते थांबवता येत नाही. दुसऱ्या आयुष्यात मात्र नायकाला मागच्या जन्माच्या आठवणी अंधूक येऊ लागतात, आणि पूर्वी नसलेले पर्याय समोर उमटतात. म्हणजे तुम्हाला जे ठाऊक आहे, ते कथेतल्या पात्रालाही ठाऊक असते. इथे दोन आयुष्ये लागोपाठ जगावीत. तिसऱ्याचे तुम्हीच ठरवा.

आणि निवड हिरावून घेतल्यावर काय वाटते हे अनुभवायचे असेल, तर झॅकट्रॉनिक्सचा ‘एलायझा’ (२०१९) खेळावा. सिएटलमध्ये घडणाऱ्या त्या कथेतली एव्हलिन समुपदेशकाच्या खुर्चीत बसते खरी, पण बोलते ते संगणकाने चष्म्यात दाखवलेले वाक्य. पर्याय एकच, तो दाबायचा. समोरचा माणूस आपले दुःख सांगतो आहे आणि तुम्हाला ठाऊक असते की हे उत्तर त्याच्या कामाचे नाही. कितीतरी वेळ असा गेल्यानंतर जेव्हा पहिल्यांदा दुसरा पर्याय दिसतो, तेव्हा त्याचे वजन कळते. नावातला संदर्भही ध्यानात घ्यावा: जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली एमआयटीत केलेल्या, माणसाशी समुपदेशकासारखा संवाद करणाऱ्या संगणक-कार्यक्रमाचे नाव ‘एलायझा’ होते.

पुढची पायरी: स्वतः एक लिहून पाहा

चार-पाच खेळ झाले, की निवडीची कथा मराठीत लिहून पाहावी. ‘ट्वाइन’ हे क्रिस क्लिमस यांनी २००९ साली आणलेले साधन विनामूल्य आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि प्रोग्रॅमिंग येत नसले तरी अडत नाही. एका चौकटीत मजकूर लिहायचा, पर्यायाचे शब्द दुहेरी चौकटी कंसांत टाकायचे, की त्या नावाची नवी चौकट आपोआप तयार होते. तयार झालेली कथा म्हणजे एक साधी वेबपान-फाइल असते, आणि देवनागरी तीत व्यवस्थित दिसते.

पहिली कथा पाच-सहा चौकटींहून मोठी करू नये, आणि वाटा लवकर एकत्र आणाव्यात. १,०२४ चा आकडा आठवावा. टेलरच्या संदर्भात जी अडचण सांगितली तिच्यावर मराठीत एक चांगला उपाय आहे. कथा ‘मी’ने न सांगता ‘तुम्ही’ने सांगावी. ‘तुम्ही दार उघडता’, ‘तुम्ही आत गेलात’ यांत वाचणारा पुरुष आहे की स्त्री हे ठरवावे लागत नाही. मग ती फाइल एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्यावी, शेजारी बसावे आणि काही बोलू नये. कोणत्या पर्यायावर बोट थांबते आणि कोणता पर्याय वाचताक्षणी दाबला जातो, ते पाहावे. जो विचार न करता दाबला गेला, त्या चौकटीतला मजकूर पुन्हा लिहायला घ्यावा.